ठरावावरची सही

"हे घ्या. खाली जाऊन दोन-दोन झेरॉक्स काढून आणा. आणि येताना चहावाल्याला सांगा, दोन चहा."

मॅनेजर माझ्याकडे न बघता बोलले. आमच्या कंपनीची फाइल त्यांनी माझ्यासमोर सरकवली. केबिनमध्ये आम्ही तिघं होतो. ते, माझा भागीदार निरंजन आणि मी. चहा दोन.

मी उठलो. फाइल घेतली आणि गेलो.

लिहिताना हेच सगळ्यात जड जातंय. त्यांनी सांगितलं, आणि मी गेलो. शनिवार पेठेतल्या त्या शाखेचा जिना उतरलो. शेजारच्या दुकानात झेरॉक्स काढल्या. टपरीवर दोन चहा सांगितले. कंपनी माझी. कल्पना माझी, कोड मी लिहिलेला, निम्म्याहून जास्त हिस्सा माझा. आणि मी चहा सांगून आलो. वर येताना जिन्यात उभं राहून कागद क्रमाने लावलेसुद्धा. साहेबांना शोधायला लागू नयेत म्हणून.

निरंजन मध्ये बोलला नाही. तो फोनमध्ये होता, असं तो म्हणतो.

आमची कंपनी क्रिप्टोची. म्हणजे बिटकॉइनसारखं आभासी चलन लोकांना विकत घेता यावं, विकता यावं, असं ॲप. नोंदणी झालेली, सरकारदरबारी द्यायचे ते सगळे कागद दिलेले. फक्त बँकेत चालू खातं नव्हतं. खात्याशिवाय कंपनी म्हणजे नुसतं बाड. याआधी चार बँकांनी आम्हाला परत पाठवलं होतं. 'क्रिप्टो' हा शब्द दिसला की फाइल मिटायची. त्याचा मला राग नाही. बँकेला धंदा जोखमीचा वाटला, तिने नाही म्हटलं. तो नकार धंद्याला होता. ही पाचवी बँक निरंजनच्या ओळखीची. त्याचं घर सदाशिव पेठेत, आजोबांचं खातं इथलंच.

मी परत आलो तोवर चहा आला होता. मॅनेजर फाइल वाचायला लागले.

"यात पहिले संचालक, हे कोण?" त्यांनी निरंजनला विचारलं.

"मी," मी म्हणालो.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो, मग मघाशी सांगायचं नाही का? आम्हाला काय स्वप्न पडतं?"

मी "सॉरी सर" म्हणालो. मीच.

मग त्यांनी माझं आधार कार्ड उचललं. "भीमनगर, करमाळा," मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर त्यांचा आवाज मऊ झाला. त्या मऊपणाची मला लहानपणापासून ओळख आहे.

"शिकलात, छान केलंत. पण तुमच्याकडे सरकारी नोकऱ्या असतात की हो. सवलत आहे, सगळं आहे. ही उठाठेव कशाला?"

मी हसलो. समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून आपण हसतो, ते हसू. जिल्हा परिषदेच्या शाळेपासून ते तोंडावर बसलंय.

फाइल मिटून ते खुर्चीत मागे रेलले. "हे बघा, खातं उघडता येईल. क्रिप्टोचं मी वर बोलतो, तो प्रश्न सुटेल. पण आधीच विषय नाजूक. सहीला नाव असं हवं, की वरच्या ऑफिसने बघितल्याबरोबर विश्वास बसला पाहिजे. यांच्या एकट्याची सही ठेवा." त्यांनी निरंजनकडे बोट केलं. "ओळखीचं घर आहे. ठराव तेवढा बदलून आणा."

ठराव म्हणजे संचालकांच्या बैठकीचा कागद. कंपनीचं खातं कोण चालवणार, चेकवर कोण सही करणार, ते त्यात लिहिलेलं असतं. आमच्या ठरावात दोघांची नावं होती.

क्रिप्टो चालणार होतं. मी चालणार नव्हतो.

खाली स्कूटरपाशी निरंजन म्हणाला, "अरे, फॉर्मॅलिटी आहे. खातं उघडू दे. दोन महिन्यांनी तुझं नाव ॲड करू. तुझे शेअर्स कोण घेतंय?"

"बरं," मी म्हणालो.

निरंजन वाईट माणूस नाही. कॉलेजात असताना मेस बंद असली की त्याची आई माझ्यासाठी डबा पाठवायची. ते अन्न मी विसरणार नाही. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून देणारे गुरुजी विसरणार नाही. मी आयुष्यभर आभार मानत आलोय. पण त्या दुपारी मला पहिल्यांदा कळलं, की आभार मानायची इतकी सवय लागली होती, की अपमान झाल्यावरही माझ्या तोंडून "बरं"च निघत होतं.

स्वारगेटमागे आम्ही एक खोली भाड्याने घेतली आहे. तेच ऑफिस. तिथे बसून मी नवा ठराव टाइप केला. जुन्यातलं माझं नाव खोडलं. 'यांच्या एकट्याच्या सहीने' असं घातलं. प्रिंट काढली. मग खाली पाहिलं. बैठकीचा अध्यक्ष मी. ठरावाखाली सही लागत होती ती अध्यक्षाची.

माझा अधिकार काढून घ्यायला माझीच सही हवी होती.

पेन हातात होतं. आणि मला आई आठवली.

आई रोजगार हमीच्या कामावर जायची. हजेरीला मुकादम शाईचा पॅड पुढे करायचा. आई गावातल्या साक्षरता वर्गात जाऊन नाव लिहायला शिकली होती. एक दिवस तिने पॅड बाजूला सारला.

"अगं ए, अंगठा दे की. मागं रांग हाय," मुकादम खेकसला.

"रांग थांबंल," आई म्हणाली. "मला सही येती."

तिने पेन मागून घेतलं आणि एकेक अक्षर काढायला लागली. मागचे लोक कुजबुजले, कुणीतरी हसलं. मी तिचा पदर ओढत होतो. मला लाज वाटत होती. अंगठा दे आणि चल, असं वाटत होतं.

तिने पूर्ण नाव लिहिलं. मगच बाजूला झाली.

मी पेन खाली ठेवलं. निरंजनला फोन लावला.

"मी नव्या ठरावावर सही करत नाहीये."

"अरे, पण का? एवढा इगो कशाला? कंपनी बुडवायचीय का?"

"केबिनमध्ये आपण किती जण होतो?"

"तिघं."

"चहा किती आले?"

तो मग म्हणाला, "दोन."

दुसऱ्या दिवशी मी एकटा गेलो. जुनाच ठराव मॅनेजरांच्या टेबलावर ठेवला.

"बदलून आणा म्हटलं होतं ना?"

"बदलणार नाही. क्रिप्टो चालत नाही असं लिहून द्या, मी उठून जातो. माझी सही चालत नाही असं लिहून द्या, तरी उठून जातो. पण लिहून द्या."

"अहो, ही बँक आहे. असं लिहून देत बसलो तर कामं कधी करायची?"

"मग मी लिहितो."

बाहेर बाकावर बसून मी अर्ज लिहिला. मराठीत, हाताने. कोण काय बोललं ते शब्दाला शब्द. झेरॉक्सचं लिहिलं. चहाचंही लिहिलं. दोन प्रती केल्या आणि आवक टेबलाशी गेलो. आमच्या वस्तीत शाळेआधी शिकवतात ते हे: अर्ज दिला की पोच घ्यायची. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही.

टेबलावरच्या बाईंनी अर्ज वाचला. पुन्हा वाचला. केबिनकडे पाहिलं. "साहेबांना विचारून शिक्का मारते."

"अर्ज तुमच्या हातात आहे. आधी शिक्का मारा, मग विचारा."

मागे रांग लागली होती. कुणीतरी म्हणालं, "आटपा हो." मी हललो नाही. रांग थांबली.

बाईंनी शिक्का मारला. तारीख घातली.

तेवढ्यात मॅनेजर बाहेर आले. हसत होते. "अहो, बसा. चहा मागवतो. एवढं काय मनावर घेता?"

"चहा नको. उत्तर लेखी पाठवा."

शिक्क्याची प्रत घडी करून खिशात घातली आणि जिना उतरलो.

उत्तर अजून आलेलं नाही. खातंही नाही. सहाव्या बँकेत फाइल दिली आहे. तिथलीही पोच घेतली. ठराव तोच, दोन नावांचा. निरंजनला सांगितलंय, घरी जेवायला बोलाव, येईन. पण कंपनीत राहायचं असेल तर माझ्या सहीशेजारी सही करायची. माझ्या जागेवर नाही.

तो एकट्याच्या सहीचा ठराव मी फाडला नाही. टेबलासमोरच्या भिंतीवर लावलाय. खाली माझं नाव छापलेलं आहे आणि वर सहीची जागा कोरी. ती कोरीच राहणार.