एक प्रवेश कमी

भोकरच्या बाजूच्या एका महाविद्यालयातला बी. ए.चा मराठी साहित्याचा वर्ग यंदा जुलैत बंद झाला. तिथे तासिका तत्त्वावर शिकवणारे सर नांदेडला माझ्या शेजारी राहत.

समोरचा बोलला की त्याचा अलंकार सांगायची त्यांना सवय. "सर, तुमच्यासारखे तुम्हीच," असं दूधवाला म्हणाला की पातेलं पुढे करत ते म्हणायचे, "अनन्वय." एकदा त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "या घरात मी मरून राहिले." सर म्हणाले, "अतिशयोक्ती." त्या हसल्या नाहीत.

पुरेसे प्रवेश नसले तर वर्ग चालत नाही आणि सरांना काम राहत नाही. म्हणून उन्हाळाभर ते गावोगाव विद्यार्थी शोधत हिंडले. मुदतीला एक दिवस उरला तरी एक प्रवेश कमी होता. त्याच संध्याकाळी गल्लीतल्या शिंप्याची मुलगी त्यांच्याकडे आली. बारावीला रस आणि वृत्तं ती त्यांच्याच ओट्यावर बसून शिकली होती. मी तिथेच होतो.

"सर, मला मराठीच घ्यायचंय. अब्बा हाव म्हणले."

सरांनी चष्मा काढून पुसला. "नर्सिंगला जा, बाई."

"तुम्ही तर मराठीच घेतलं ना, सर?"

"म्हणूनच सांगून राहिलो."

"आन् तुमचा वर्ग?"

"तो तुझ्या जिवावर चालवू काय मी?"

ती रडत घरी गेली. दुसऱ्या दिवशी सर स्वतः तिला आणि तिच्या अब्बांना घेऊन नर्सिंगच्या प्रवेशाला गेले. तो झाला.

सर आता लातूरला, डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांच्या वसतिगृहात देखरेखीला असतात. त्यांच्या पत्नी इथेच राहतात.