बसून ऐकायच्या रेकॉर्डी

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, रेकॉर्ड ऐकायच्या त्या उभ्यानं. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात पुसायचं फडकं आणि नजर रेडिओग्रामकडे नाही, समोरच्या भिंतीकडे. शेजारीण भांडण घेऊन दारात आली असावी आणि तिचं म्हणणं आधी पुरतं ऐकून घ्यावं, असा सगळा आविर्भाव. गाणं पटलं नाही तरी मध्येच सुई उचलायच्या नाहीत. “बोलनाऱ्याला बोलू द्यावं. मग आपुन हायेच,” म्हणायच्या. पण एखादं पटलं, की फडकं खांद्यावर टाकून तिथंच फरशीवर मांडी घालून बसायच्या. त्यामुळे आम्ही राखायचो त्या बंगल्याच्या शेठच्या कपाटातल्या रेकॉर्डींचे आमच्या घरापुरते दोनच प्रकार होते. उभ्यानं ऐकायच्या आणि बसून ऐकायच्या.

बंगला लोणावळ्यात, तुंगार्लीच्या अंगाला. मुंबईच्या एका गुजराती शेठचा. शेठ शनिवारी संध्याकाळी पाहुण्यांना घेऊन यायचे आणि सोमवारी सकाळी परत जायचे. बाकीचे दिवस बंगला आमच्याच ताब्यात. मामंजी, म्हणजे माझे सासरे, तिथले राखणदार. मागच्या दोन खोल्यांत आमचा संसार. मूळ घर बेडशाला, पण तिथली जमीन चुलत्यांच्या वाटण्यांत एवढीशी उरलेली, त्यामुळे राखणदारी हीच आमची शेती. मी वराळ्याची, सातवी पास. साठ-एकसष्टच्या सुमारास लग्न होऊन या घरात आले. माझे यजमान रेल्वेच्या शेडमध्ये कामाला होते, आणि त्यांना आईचं ते रेकॉर्ड ऐकणं अजिबात आवडत नसे.

आत्याबाईंकडे हे काम आलं ते पावसामुळे. लोणावळ्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत कशालाही बुरशी धरते. चपलांना, उशांना, देवघरातल्या फोटोंच्या चौकटींनासुद्धा. रेकॉर्डींना तर हमखास. म्हणून शेठनी सांगून ठेवलं होतं, की पावसाळ्यात प्रत्येक रेकॉर्ड बाहेर काढायची, मलमलच्या फडक्यानं पुसायची, एकदा वाजवायची आणि हवा लागली की परत ठेवायची. सुई कशी टेकवायची तेही त्यांनीच शिकवलं. आत्याबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. रेकॉर्ड ओळखायची ती वेष्टनावरच्या चित्रावरून. टक्कलवाला, निळं लुगडं, समईवाली, तलवारवाला. मी वेष्टनावरची नावं वाचून दाखवायला गेले, तर मला थांबवलं. “नाव नगं सांगू. नाव कळलं की मान्साचा मुलाहिजा धरावा लागतो.”

आणि मुलाहिजा त्या कुणाचाच धरत नसत. मोठमोठ्या मैफिली गाजवलेल्या एका ख्यालगायकाला त्यांनी सबंध बाजूभर उभं राहून ऐकलं आणि म्हणाल्या, “घरात शिरायचंय याला, पर दार सापडंना. अंगनातच फिरतोय कवाचा.” नाटकातल्या पदांवर त्यांचा राग होता. “बाई रडती का गाती ते आदी ठरीव म्हनावं.” समईवाली ही भजनांची रेकॉर्ड. तिला त्यांनी हात जोडले, पण बसल्या नाहीत. “देवाला सांगायचं ते मशिनीला कशापायी सांगायचं?” एक गोरी बाई फार वरच्या आवाजात गायची. तिच्याबद्दल, “हिला कुनीतरी उंदीर दावलाय.” सिनेमाची गाणी मला जीव की प्राण. त्या म्हणायच्या, “ग्वाड हाय. लय ग्वाड. दोन घास खाल्लं की बास.” यावरून आमची कितीदा जुंपली. मला आजही त्यांचं हे मत पटत नाही. ख्यालाबद्दलचंही नाही. त्यांना गाण्यातलं काही कळत होतं असा माझा दावा नाही. त्यांना मत होतं, एवढंच. आणि आमच्यासारख्या घरातल्या बाईला मत असणं हेच मी पहिल्यांदा बघत होते.

बसून ऐकायच्या रेकॉर्डी दहा-बाराच असतील. त्यात कव्वाली होती. “येक दमला की दुसरा उचलून धरतोय. जेवनावळीत वाढपी आसं पायजेत.” एक इंग्रजी बँड होता, पितळी वाद्यांचा. “समदी येकदम सुरू व्हत्यात आन् येकदम थांबत्यात. आपल्या भावकीत कुटं जमतंय ह्ये?” आणि एक सतार. ती लागली, की त्या काही बोलतच नसत. एकदा फक्त म्हणाल्या, “ह्याची बोटं दुकत आसत्याल गं.” ती सतार संपली, की सुई उचलायला त्यांना जरा वेळ लागायचा.

शेठ माणूस हौशी. शनिवारी पाहुणे व्हरांड्यात बसले, की हाक मारायचे. “सोनाबाई, या हप्त्यात काय ऐकलं? बोला.” मग आत्याबाई पदर सावरून दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहायच्या आणि एकेका रेकॉर्डीचा निकाल लावायच्या. पाहुणे पोट धरधरून हसायचे. उंदीर दाखवलेल्या बाईवर तर एक पारशी गृहस्थ खुर्चीतून घसरले होते. चहाचा ट्रे धरून मी मागे उभी असायची. ही माणसं आत्याबाईंच्या बोलण्याला हसतात की आत्याबाईंना, हे मला ठरवता येत नसे. यजमान घरी आल्यावर चिडायचे. “आई, तमाशा करून घेत्यात ते तुजा. नगं बोलत जाऊ त्यांच्याम्होरं.”

आत्याबाई शांतपणे भाकरी थापत म्हणायच्या, “इचारत्यात म्हनून सांगते. तू कवा इचारलंस मला, ह्ये कालवन कसं झालंय?”

खरंच होतं ते. आख्ख्या आयुष्यात त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. लग्न कुणाशी, राहायचं कुठं, पोराला शाळेत घालायचं का रेल्वेत, सगळं परस्पर ठरलेलं. शनिवारी संध्याकाळी मात्र एक मोठा माणूस मुंबईहून येऊन विचारायचा, तुम्हाला काय वाटलं? तेवढ्यासाठी त्या आठवडाभर ऐकायच्या. एखादी रेकॉर्ड नीट लक्षात राहिली नाही, तर शुक्रवारी पुन्हा लावायच्या. निकाल चुकीचा लागू नये म्हणून.

मग तो एक पावसाळा आला. उघडीप म्हणून नाही. चुलीतली लाकडंसुद्धा ओली. कपाट उघडलं तर वेष्टनांवर पांढरी लव धरलेली, आणि काही रेकॉर्डींच्या रेघांतही शिरलेली. पुसून, वाजवून भागेना, दोन दिवसांत पुन्हा बुरशी. आमच्याकडे त्या दिवसांत बाळंतिणीचे आणि पोरांचे कपडे सुकवायची एक रीत आहे. शेगडीत निखारे फुलवायचे, त्यावर बांबूचं डालं पालथं घालायचं आणि डाल्यावर कपडे पसरायचे. हळूहळू ऊब लागून कपडे कोरडे होतात, आणि डालं मध्ये असल्यानं जळत नाहीत. आत्याबाईंनी आपल्या लेकराचे कपडे असेच सुकवले होते. त्यांनी बंगल्यातल्याच एका रिकाम्या खोलीत शेगडी पेटवली, डालं पालथं घातलं आणि त्यावर रेकॉर्डी मांडल्या. कुठल्या? तर ज्यांची काळजी जास्त, त्या आधी. बसून ऐकायच्या सगळ्या. बाकीच्यांची पाळी दुसऱ्या दिवशी येणार होती. टक्कलवाला, समईवाली, उंदीरवाली, सगळी मंडळी कपाटातच राहिली.

तेवढ्यात मामंजींनी हाक मारली. कौलं सरकून आमच्या खोलीत पाणी शिरलं होतं. आम्ही दोघी धान्याची पोती उचलायला धावलो. परत आलो तेव्हा डाल्याच्या चारी बाजूंनी रेकॉर्डींच्या कडा खाली वळल्या होत्या. काही तर डाल्याचाच आकार घेऊन बसल्या होत्या, बांबूच्या पट्ट्यांचे वळ सगळे उमटून. आत्याबाईंनी सतारीची रेकॉर्ड उचलली आणि दोन्ही हातांनी सपाट करायला गेल्या. ती मोडली. त्यांनी निखाऱ्यांवर पाणी ओतलं आणि धुरात तशाच बसून राहिल्या.

शनिवारपर्यंत आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. नोकरी गेली तर या पावसात जायचं कुठं, ही मामंजींची काळजी. पण आत्याबाईंचं वेगळंच चाललं होतं. पुन्हा पुन्हा एकच बोलायच्या. “नावडत्या ठेवल्या आस्त्या म्होरं, तर आवडत्यांचा जीव वाचला आस्ता की.”

शेठ आले. मामंजींनी पायांवर डोकं ठेवायचंच बाकी ठेवलं. शेठनी त्या वाकड्यातिकड्या रेकॉर्डी पाहिल्या आणि मोठ्यानं हसले. “अरे, सोनाबाईने पापड भाजले! जाऊ द्या हो, वस्तू आहे, नवीन येईल.” एवढ्यावर मिटलं. माणूस खरंच मोठ्या मनाचा, यात शंका नाही. मामंजींना तर रडूच कोसळलं. पण शेठना थट्टेची सवय. त्यातली एक रेकॉर्ड डाल्यावर अगदी खोलगट परातीसारखी वळली होती, कव्वालीची. ती त्यांनी ठेवून घेतली आणि त्या रात्री तिच्यात खारे शेंगदाणे घालून पाहुण्यांपुढे ठेवायला सांगितलं. “ही बघा आमच्या सोनाबाईंची परात!” मग सगळी हकीकत. डालं, शेगडी, आवडत्या आणि नावडत्या. पाहुणे हसून हसून लोळले. आणि नेहमीप्रमाणे शेठनी विचारलं, “बोला सोनाबाई, या हप्त्यात काय ऐकलं?”

आत्याबाई चौकटीपाशी उभ्या होत्या. पदर कपाळापर्यंत ओढलेला. “समदं चांगलं हाय,” म्हणाल्या आणि आत गेल्या.

शेठना वाटलं, आज बाई घाबरली आहे. पुढच्या शनिवारी पुन्हा विचारलं. “समदं चांगलं हाय.” त्याच्या पुढच्याही. नव्या रेकॉर्डी आल्या, नवी चित्रं आली. आत्याबाई पुसायच्या, सुई टेकवायच्या आणि परत ठेवायच्या. ऐकायच्या की नाही कोण जाणे. मी मुद्दाम म्हणायची, “आत्याबाई, ह्ये नवं सिनेमाचं लय ग्वाड हाय न्हाई?” भांडण व्हावं म्हणून. “व्हय, चांगलं हाय.” एखाद्या बाईकडे अंगावरच्या डागिन्यासारखी एकच वस्तू असावी आणि ती तिनं स्वतःच काढून ठेवावी, तसं झालं. यजमानांच्या मनासारखं झालं होतं, आई आता कुणापुढे बोलत नव्हती. तेही खूश दिसले नाहीत. एकदा जेवताना त्यांनी स्वतःहून विचारलं, “आई, कालवन कसं झालंय?” आत्याबाई खाली मान घालून जेवत राहिल्या.

ती परात मात्र दर शनिवारी निघायची. भरून ठेवायचं काम आत्याबाईंचं. एकदा मला राहवलं नाही. मी परात कोळशाच्या पोत्यामागे सारली आणि शेंगदाणे स्टीलच्या ताटलीतून नेऊन ठेवले. शेठनी लगेच विचारलं, “अरे, सोनाबाईंची परात कुठे?” मी म्हटलं, सापडत नाही. हसरे चेहरे जरा हिरमुसले. तेवढ्यात आत्याबाई परात धुऊन, पुसून घेऊन आल्या आणि ताटलीतले दाणे तिच्यात ओतले. स्वयंपाकघरात आल्यावर मला म्हणाल्या, “माजी हाय ती. तू कशापायी लपीवतीस? लपीवली म्हंजी लोकान्ला वाटतं, हिला लाज वाटती.” आवाज चढलेला नव्हता. मला त्यांच्याकडे बघवेना. आपल्याला आणि आपल्या माणसाला दर शनिवारी कोणीतरी प्रेमानं लाजवत आहे आणि तक्रार करायला कुठं जागाच नाही, हे फार वाईट. शेठ वाईट असते, तर आम्ही त्यांना मनातल्या मनात शिव्या तरी दिल्या असत्या.

पुढे शेठ थकले, त्यांचं येणं कमी झालं आणि शनिवार सुने पडले. सत्तरनंतर आत्याबाईंच्या छातीत पाणी झालं. आमच्या त्याच मागच्या खोलीत त्या पडून असायच्या. यजमानांनी ट्रान्झिस्टर आणला, उशाशी ठेवला. भजन लागो, लावणी लागो, बँड लागो, मी विचारायची, कसं होतं? एकच उत्तर.

एका दुपारी मी ट्रान्झिस्टर बंद केला आणि स्वतःच गायला लागले. माझा आवाज म्हणजे काय सांगावं, माहेरी मी ओवी धरली की आई दुसऱ्या कामाला पाठवायची. त्यात मी आणखी मुद्दाम बिघडवलं. सूर सोडला, शब्द गिळले, कडव्यात कडवं घातलं. एवढं वाईट त्यांनी जन्मात ऐकलं नसेल. आत्याबाईंनी डोळे उघडले. माझ्याकडे बघत राहिल्या. ओठांचा कोपरा हलला, भुवया वर गेल्या, आणि मला वाटलं, आता येतंय. आता माझं काही खरं नाही. मी गायची थांबले आणि म्हटलं, “सांगा की, आत्याबाई. खरं सांगा.”

त्यांनी तोंड उघडलं. मग मान वळवून दाराकडे बघितलं, कोणी ऐकतंय का ते.

“चांगलं म्हनतीस गं,” म्हणाल्या.

दारात कोणीही नव्हतं.