पहिलं शून्य गाळायचं

चेन्नईजवळच्या तांबरमच्या त्या गल्लीत कुणाचं पोरगं परदेशी गेलं की घरचे आधी देवळात जात आणि मग वसंतरावांकडे. वसंतराव चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात होते. ट्रंक कॉल जोडून देण्यापासून सुरुवात केलेली, त्यामुळे निवृत्त झाले तरी खातं काही अंगातून उतरलं नव्हतं. आलेल्याला खुर्चीत बसवायचं, कार्डावर निळ्या पेनानं नंबर लिहायचा आणि वर व्याख्यान द्यायचं: आधी दोन शून्यं, मग देशाचा आकडा. मोबाइल असेल तर शून्याची कळ दाबून धरा, अधिकचं चिन्ह येतं, तेच पुरे. आणि गावाच्या आकड्यातलं पहिलं शून्य गाळायचं, ते त्यांच्या देशातल्या देशात चालतं. हे सगळं पुणेरी हेलाच्या तमिळमध्ये. पण कुणी हसत नसे, कारण नंबर लागायचा.

त्यांच्या पत्नी विद्युलताबाई तोवर आत कॉफी गाळत असत. ते व्याख्यान त्यांनी कधी कान देऊन ऐकलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्यांची स्वतःची लेक, ऊर्मी, जर्मनीत स्टुटगार्टला होती. तीन वर्षांपूर्वी तिनं तिथल्याच एका सहकाऱ्याशी लग्न केलं आणि नंतर कळवलं. विद्युलताबाई फोनवर म्हणाल्या, "मला तू मेलीस," आणि रिसीव्हर आपटला. राग टिकला आठ दिवस. नवव्या दिवशी त्यांनी नवऱ्याकडे नंबर मागितला, तो शब्द परत घ्यायला.

"तुम्हा मायलेकींच्या मध्ये मी कशाला?" असं म्हणून वसंतरावांनी कार्ड लिहून दिलं.

तो नंबर लागलाच नाही. डायल केलेला नंबर तपासा, असं एक बाई टेपवर सांगायची. घरून दहादा लावला, स्टेशनबाहेरच्या बूथवरून दोनदा. वसंतराव म्हणाले, "बदलला असेल तिनं. आपल्याला द्यायचा नसेल. कशाला जीव जाळतेस?" विद्युलताबाईंनी कार्ड देवघराच्या खणात ठेवून दिलं. लेकीनं आपल्याला तोडलं, आणि आपण तोंडानं ते ओढवून घेतलं, हे त्यांनी पदरी बांधून घेतलं. अशी तीन वर्षं गेली.

मग एका रविवारी शेजारची अलमेलू आली. तिच्या मुलाला ओरगडमच्या कारखान्यानं सहा महिन्यांसाठी जर्मनीला धाडलं होतं, आणि तिच्या फोनवर परदेशी कॉलची सोय नव्हती. वसंतराव पेन्शनरांच्या सभेला गेले होते.

"सर नसले तरी चालेल, मामी," ती तमिळमध्ये म्हणाली. "त्यांनी कालच लिहून दिलंय. तुम्ही फक्त लावून द्या."

विद्युलताबाईंनी कार्ड पाहून एकेक आकडा दाबला. पहिल्या झटक्यात घंटा वाजली. अलमेलू पाच मिनिटं बोलली, रडली, हसली, आणि डोळे पुसत घरी गेली. कार्ड तिथंच राहिलं.

त्यावर दोन शून्यं होती, मग एकोणपन्नास, मग गावाचा आकडा. गावाच्या आकड्यातल्या पहिल्या शून्यावर लाल रेघ ओढलेली, खाली तमिळमध्ये लिहिलेलं: हे दाबू नये.

विद्युलताबाई देवघराकडे गेल्या आणि आपलं कार्ड घेऊन आल्या. अक्षर तेच होतं. दोन शून्यं, एकोणपन्नास, आणि मग पुन्हा शून्य. त्यावर रेघ नव्हती. ज्या माणसानं गल्लीतल्या परक्या बायकांना हे शून्य घोकून घोकून शिकवलं, तो घरात लिहिताना विसरला? तो काही विसरत नव्हता. पहिल्या पगाराची तारीख त्याला अजून वारासकट पाठ होती.

ते शून्य गाळून विद्युलताबाईंनी आपल्या कार्डावरचा नंबर लावला. घंटा वाजली आणि कुणी तरी लगेच फोन उचलला.

"बाबा? आज रविवारी कसा फोन केलात?"

विद्युलताबाई शनिवारी वेलचेरीला भजनाला जात. दर शनिवारी, तीन वर्षं.

"बाबा नाही. आई बोलतेय."

ऊर्मी म्हणाली, "तू? अगं, बाबा म्हणाले होते, माझं नाव काढलं तरी तू ताटावरून उठतेस. रुचा झाली तेव्हाही मी विचारलं, आईला सांगितलंत का? म्हणाले, सांगितलं. ती काही बोलली नाही."

"रुचा कोण?"

"आई, माझी मुलगी. सव्वा वर्षाची आहे."

आपल्याला नात आहे, आणि ज्याच्या ताटात आपण रोज वाढतो त्या माणसानं तिचं सुख सव्वा वर्ष एकट्यानं घेतलं. संताप आला, पण त्याहून जास्त लाज वाटली, इतकी वर्षं याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवल्याची.

दार वाजलं. वसंतराव छत्री कोपऱ्यात ठेवत सवयीनं म्हणाले, "अलमेलू येऊन गेली का? लागला नंबर?"

"लागला. तिचाही आणि माझाही."

वसंतरावांनी टेबलावरची दोन कार्डं पाहिली. "विद्या, ऐक, तू तेव्हा इतकी भडकलेली... मला वाटलं, माझ्यामार्फतच बरं..." म्हणत त्यांनी फोनसाठी हात पुढे केला. आयुष्यभर दोन टोकांची तार याच हातानं जोडलेली.

विद्युलताबाईंनी फोन दिला नाही. त्यांच्याकडे पाठ करून त्या लेकीला म्हणाल्या, "ऊर्मी, तो शब्द मी नवव्या दिवशीच परत घेतला होता गं. बाबांचा फोन आला तर खुशाल बोल. पण माझ्याबद्दल ते काही सांगतील, ते मला विचारल्याशिवाय खरं धरू नकोस."