खरजेचा माळ

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. विषय निघालाच तर पाणी प्यायला म्हणून उठायचो आणि लोक दुसऱ्या गोष्टींवर येईपर्यंत माठाजवळच उभा राहायचो. बायकोला सांगेन म्हणत होतो, ती गेली. आता ऐकणारं घरात कुणी नाही, तेव्हा लिहितो.

आमचं गाव शेवगावच्या पुढं, कोरड्या अंगाला. गावाच्या उत्तरेला उघडा माळ आहे. एक बाभूळ, बाकी कुसळं आणि वारा. त्याला सगळे खरजेचा माळ म्हणतात. परवा मोबाईलचा टॉवर बसवायला आलेल्या माणसानंही पत्ता तसाच विचारला. नव्या पोरांना वाटतं, हे नाव पूर्वापार चालत आलंय. तसं नाही. ते माझ्या एका शब्दावरून पडलं, आणि तो शब्द खोटा होता.

मी जनावरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक होतो. म्हणजे जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, डॉक्टर सुई टोचत असताना जनावर धरायचं. खरे डॉक्टर आठवड्यातून एकदा, मंगळवारी मोटारसायकलवर यायचे. उरलेले सहा दिवस गाव मला डॉक्टर म्हणायचं, आणि ते मला आवडायचं.

त्या वर्षांत गावानं बंधारे घातले, चर खणले, आणि पाझर तलावात उन्हाळ्यापर्यंत पाणी टिकायला लागलं. पाण्यामागं हिरवा चारा आला, चाऱ्यामागं संकरित गाई. तलावाच्या काठच्या ओल्या चिखलात संध्याकाळी चिलटांचे ढग उठायचे, तेही त्याच पाण्याबरोबर आले होते. पण पाण्याचं कौतुक एवढं होतं की चिलटांकडं कोण बघणार.

दिवाळी झाली की एक धनगरांचं बिऱ्हाड दरवर्षी आमच्याकडं यायचं. नवरा, बायको, त्यांचा मुलगा, मेंढ्या आणि एक ठेंगणी तांबूस घोडी. रिकाम्या रानात मेंढ्या बसवायच्या, लेंड्यांचं खत शेताला, बदल्यात शेतकऱ्यानं धान्य द्यायचं, असं पिढ्यांपासून चाललेलं. बिऱ्हाडाचा सगळा संसार त्या घोडीच्या पाठीवर असे: पातेली, घोंगड्या, पायाला दोरी बांधलेल्या दोन कोंबड्या, कधी पहाटे जन्मलेलं कोकरू. ती गावात शिरली की भांड्यांचा मंद आवाज आधी यायचा आणि घोडी मागून. अजूनही कुठं भांडं वाजलं की मी रस्त्याकडं बघतो.

त्या वर्षी घोडीची आयाळ झडलेली होती. शेपटीचं मूळ उघडं, मानेवर चट्टे. दिवसभर तलावाकाठच्या झाडाला अंग घाशीत उभी असायची.

सोमवारी सकाळी दूध केंद्रावर मी रांगेत होतो. पुढचा माणूस कॅनवर कॅन आपटत म्हणाला, "डॉक्टर, धनगराची ती घोडी बघितली का? नुस्ती खाजवून खाजवून सोलून निघालीया."

घोडी मी सायकलवरून जाताना पाहिली होती, तेवढीच. हात लावला नव्हता.

"खरूज आहे," मी म्हणालो.

"गाईला लागती का?"

"लागते तर. माणसालाही लागते."

रांगेत एकेक जण मान खाजवायला लागला. कुणी कोपर, कुणी पोटरी. मागून एकानं विचारलं, "आरं, तू कशाला खाजवतोस?"

"माजी जुनी हाय गड्या. घोडीला माजीच लागली आसंल!"

रांग हसली. मीही हसलो. पण नेहमीसारखं केंद्राच्या ओट्यावर त्या दिवशी कुणी रेंगाळलं नाही. संध्याकाळपर्यंत ठरलं: बिऱ्हाडानं तलावाजवळून उठायचं, गावच्या रानात मेंढ्या बसवायच्या नाहीत. घोडी ओझं उचलण्याजोगी होईपर्यंत उत्तरेच्या माळावर थांबायचं आणि मग गावाची हद्द सोडायची.

दुसऱ्या दिवशी ती बाई दवाखान्यात आली. मी तिला अक्का म्हणायचो. ती माझ्याच वयाची असेल. टेबलापाशी येऊन तिनं दोन्ही हात पुढं केले, तळवे वर.

"डाक्टर, ह्ये हात बघा. रोज मी तिला खरारा करती. खरूज आसती तर मला न्हाई का झाली? मेंढरांला न्हाई का झाली?"

मी रजिस्टरात बघत राहिलो.

"सांजंला तिला माळावर वाऱ्याला नेली की गप उभी ऱ्हाती. पान्यापशी आनली की पुन्ना चालू."

"वारा काय औषध आहे का, अक्का?"

"म्या काय सांगू. तुमी शिकल्याले." तिनं हात मागं घेतले. "कोन बोललं काय म्हाईत, पन आमाला गाव तुटलं की सगळी वाट तुटती. तुमी सांगा की गावाला. तुमचं ऐकत्यात."

कोण बोललं ते तिला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "सांगतो."

तेवढ्यात डॉक्टरांची मोटारसायकल वाजली. ते तसेच आमच्याबरोबर माळावर चालत आले. घोडीच्या मानेवरची कातडी त्यांनी पात्यानं हलकेच खरवडली, तो कोंडा काचेच्या पट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायला शेवगावला नेला. बुधवारी ते वाट वाकडी करून मुद्दाम परत आले.

"खरजेचा एकही किडा नाही. ही चिलटांची ॲलर्जी आहे. चावतात सगळ्याच घोड्यांना, हिला ते सोसत नाही. सांज-सकाळ पाण्यापासून लांब, वाऱ्यावर ठेवा." म्हणजे अक्का म्हणत होती तेच. मग त्यांनी ॲलर्जीच्या पिवळ्या गोळ्या लिहून दिल्या. माणसाला एक लागते, घोडीला मूठभर. "सगळ्याच घोड्यांना या गोळ्यांनी गुण येतो असं नाही. पण हिला आला तर उरलीसुरली शंका मिटेल. किड्याच्या खरजेला या गोळीनं उतार पडत नसतो. जरा पेंगेल ती, तेव्हा ओझं लादू देऊ नका." निघताना म्हणाले, "आणि गावाला सांगून टाका. उगाच लोक घाबरलेत."

मी गोळ्या कुटायचो, गुळात आणि गव्हाच्या कोंड्यात कालवायचो आणि टोपली घेऊन माळावर जायचो. पहिल्या दिवशी फरक नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो तर घोडी बाभळीपासून चार पावलं लांब उभी होती. खोडाला टेकायचीही गरज नव्हती तिला. मागचा एक खूर टोकावर टेकवलेला, खालचा ओठ सैल, डोळे अर्धे मिटलेले. वारा एका बाजूनं सारखा येत होता आणि तिच्या राहिलेल्या आयाळीचे चार केस त्याच्यावर तरंगत होते. कुसळं एका दिशेला वाकलेली. दूर मेंढ्या ढगाच्या सावलीसारख्या सरकत होत्या, की ढगाचीच सावली होती ती, मला कळेना. अक्कानं चहा दिला. घोडीकडं बघत बघत मलाच झापड आली. मी बाभळीखाली टोपी तोंडावर घेऊन आडवा झालो. कानावर तिचा श्वास, मोठा, सावकाश. इतका निवांत मी त्यानंतर कधी झोपलो नाही.

जाग आली तेव्हा अक्का घोडीच्या मानेवरून हात फिरवीत होती. "खाजंबिगर कशी झोपलीया बघा," ती म्हणाली. "लई दिसांनी झोपली. सांगितलं का हो गावाला?"

"शनिवारी ग्रामसभा आहे. तिथं सांगतो, म्हणजे सगळ्यांच्या कानावर पडेल."

हे खोटं नव्हतं. तसंच ठरवलं होतं मी. शनिवारी धुतलेला सदरा घालून देवळापुढच्या ओट्यावर गेलो. वाक्यही पाठ केलं होतं: मी बोललो ते चुकलं. बोलायला उभा राहतोय तोच सरपंच टोपी आणि नारळ घेऊन पुढं आले. "आपल्या डाक्टरांनी येळेला ओळखलं, म्हनून गाई वाचल्या," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. टोपी डोक्यावर बसली, जरा घट्ट होती. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, माझी बायको त्यांच्यात होती, आणि तिचं तोंड इतकं उजळलेलं मी लग्नात पाहिलं होतं, त्यानंतर तेव्हाच.

मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "हे तर माझं कर्तव्यच होतं."

एवढंच. पाठ केलेलं वाक्य माझ्याजवळच राहिलं. त्याला आता वीस-बावीस वर्षं झाली.

रविवारी मी शेवटच्या गोळ्या घेऊन गेलो. सोमवारी सकाळी माळ रिकामा होता. चुलीचे तीन दगड, लेंड्या, आणि बाभळीच्या खोडाला चिकटलेले तांबूस केस. मी ते केस काढले आणि खिशात ठेवले. का, ते माहीत नाही.

आमच्या दुधाचा टेम्पो पुढच्या गावांना जायचा. टेम्पोबरोबर माझा शब्दही गेला. पुढच्या दिवाळीला बिऱ्हाड आलं तर चार गावांनी त्यांना शिवेवरूनच परतवून लावलं. "खरजेची मेंढरं," म्हणाले. आमच्या गावात तर विचारायलाही आले नाहीत. दोन वर्षांत त्यांनी मेंढ्या विकल्या आणि श्रीरामपूरकडं ऊसतोडीला गेले, असं मी बाजारात ऐकलं. ऐकलं, भाजीची पिशवी उचलली आणि घरी आलो.

निवृत्त झालो, बायको गेली. मग एके दिवशी एसटीत बसून मी श्रीरामपूरच्या बाजूला गेलो. एका कारखान्याच्या रस्त्यावर तोडकऱ्यांच्या खोप्या होत्या. विचारत विचारत तिसऱ्या रांगेत अक्का सापडली. पाचटाच्या सावलीत बसून लसूण सोलत होती. केस पांढरे, पण हात तेच.

तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "गोळ्यावाले डाक्टर!" मग आतल्या सुनेला हाक मारली, "ए, च्या ठेव! ह्ये बघ कोन आल्यात. आपल्या घोडीला ह्यांनीच गुन दिला. रोज टोपली घेऊन यायचे गं माळावर. कोन येतं आपल्याकडं?"

मी खाली बसलो. घोडीचं विचारलं. "म्हातारी हून मेली," ती म्हणाली. "शेवटपत्तूर वाऱ्याला तोंड करून उभी ऱ्हायची."

चहा आला. बशीत ओतला. म्हणालो, "अक्का, त्या वेळी गावात..."

"जाऊ द्या वो," तिनं मला मधेच अडवलं. "तुमी सांगितलंच आसंल. गावानं न्हाई ऐकलं, त्यात तुमचा काय दोष?"

सून बघत होती. चहा गोड होता, फार गोड. मी तो पिऊन टाकला. निघताना अक्कानं सोललेला लसूण कागदाच्या पुडीत बांधून दिला. पुढच्या हंगामात परत गेलो तर त्या जागी दुसऱ्याच लोकांच्या खोप्या होत्या. अक्काला ओळखणारं तिथं कुणी भेटलं नाही.

हल्ली माझ्याच अंगाला खाज असते. म्हातारी कातडी, डॉक्टर म्हणाले, आणि एक लहान गोळी दिली. "झोप येईल हं, आजोबा." मी गोळी ओळखली. जेवणानंतर घेतो. तासाभरात पापण्यांमागं ऊन पिवळं होतं, भांड्यांचा मंद आवाज येतो, आणि घोडी येऊन उभी राहते, एक खूर टोकावर टेकवून. तिची आयाळ पुरी वाढलेली असते. तिच्या मानेवर फिरणारे हातही दिसतात. मी बोलायला जातो, पण ओठ घोडीच्या ओठासारखे सैल पडलेले असतात. जाग येते तेव्हा खिडकीतून माळ दिसतो, आणि वारा चालूच असतो.

म्हणून जागेपणी, शुद्धीवर असताना, इथं लिहून ठेवतो. त्या माळावर कधीही खरूज नव्हती. गावानं त्याला दुसरं नाव द्यावं.

आणि अक्का, खरूज म्हणालो तो मीच. घोडीला हात न लावता म्हणालो. खोटं ठरल्यावरही गावाला सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो म्हणालो होतो तरी. तुमचे हात स्वच्छ होते. ते मी तेव्हाच बघायला हवे होते. मला माफ करा.