बेटावरचा ॲडमिरल

कापसाला सोन्याचा भाव आला, त्या दिवसांत अमरावतीत किस्से इतके पिकले की ठेवायला जागा पुरेना! मी एका गोऱ्या साहेबाच्या कोठीवर कापूस तोलायला होतो. तिथलेच सांगतो.

साहेब आला तो हातात पिंजरा घेऊन. आत अंगठ्याएवढा हिरवा पक्षी. पोट पिवळंधमक, डोळ्याभोवती पांढरं कडं. नाव ॲडमिरल! "समुद्रातल्या चार बेटांवरच असतो. दुनियेत दुसरीकडे नाही!" साहेब सांगायचा.

आमच्या भिकाजी हमालानं कडं निरखलं. "साहेब, याले चष्मा कावून लावला? वाचता येते काय?"

साहेब गंभीरपणे म्हणाला, "अजून नाही."

*

उन्हाळ्यात साहेबानं ऑफिसातला दोरीनं ओढायचा पंखा पिंजऱ्यावर टांगला. समुद्राचा वारा हवा ना!

मी म्हटलं, "साहेब, आमी घामानं भिजून राहिलो."

"तुम्ही बेटावरचे नाही!"

*

ॲडमिरल गायला लागला की तोलणं बंद. गाड्या उन्हात उभ्या. एकदा चांदूर बाजारचा एक शेतकरी वैतागला. "साहेब, माह्या बैलालेही गाता येते. त्याचंही आयकून घ्या!"

साहेबानं खरंच ऐकलं. म्हणाला, "आवाज चांगला आहे. सूर नाही."

*

मग एके सकाळी पाणी बदलताना भिकाजीच्या हातून ॲडमिरल उडाला!

साहेब पायरीवरच बसला. डोळे भरलेले. "उद्यापर्यंत सापडला नाही, तर कोठीला कुलूप. सगळे घरी!"

आम्ही दिवसभर झाडं पालथी घातली. काही नाही. भिकाजी तर रडायलाच लागला. शेवटी भाजी विकणारी सखूबाई माळीण म्हणाली, "असे चष्मेवाले माह्या पेरूच्या बागेत ढीगभर हायेत."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आणला एक. हुबेहूब! फक्त पोट पांढरं. सखूबाईनं हळद कालवली आणि पोटाला चोपडली.

साहेबानं पिंजरा छातीशी धरला. "ॲडमिरल! माझा ॲडमिरल!" त्याच दुपारी तोलणं सुरू.

*

दोन दिवसांनी पक्ष्यानं वाटीत मजेत आंघोळ केली. पाणी पिवळं, पोट पांढरं!

साहेब वाटीकडे बघत राहिला. भिकाजीनं पागोटं काढून हातात घेतलं.

सखूबाई भाजीची टोपली उतरवून शांतपणे म्हणाली, "वऱ्हाडचं पाणीच तसं हाय, साहेब. परदेशी रंग टिकत नाही."

साहेबानं सावकाश बाही वर केली. आपल्या गोऱ्या हाताकडे पाहिलं. मग पुन्हा वाटीकडे.

त्यानंतर पंधरा दिवस साहेबानं आंघोळ केली नाही!