उतारावर ताई

भावोजी उन्हाळ्यात गेले. तेव्हापासून ताई रडली नव्हती. जरा हवापालट व्हावा म्हणून हिवाळ्यात मी तिला हिमाचलमधल्या एका लहानशा गावी घेऊन गेलो. गावाच्या वरच्या अंगाला बर्फाचा एक बेताचा उतार होता. आसपासची कुटुंबं पोराबाळांना घेऊन तिथे स्कीइंगला येत. आभाळ सकाळपासून काळवंडलेलं होतं. आम्ही चहाच्या टपरीपाशी बाकावर बसून बघत होतो.

एक बाप आपल्या लहानग्या मुलीला आधी पडायलाच शिकवत होता. गुडघे वाकवायचे, अंग कुशीवर टाकायचं, मग उठायचं. ती पडायची, भोकाड पसरायची आणि पुन्हा उभी राहायची.

"मला कधी पडूच दिलं नाही रे ह्यांनी," ताई म्हणाली. "साधा रस्ता ओलांडतानासुद्धा हात धरायचे."

जीव लावणारी माणसं आपल्याला इतकं जपतात, की त्यांच्या माघारी कसं जगायचं ते शिकायचं राहूनच जातं. पण जपू नका, असं तरी कोण कुणाला सांगणार?

बर्फ भुरभुरू लागला तसे आम्ही निघालो. मी हात पुढे केला. ताईने तो धरला नाही. थोडं पुढे जाताच तिचा पाय घसरला आणि ती बर्फात बसली. लागलं काहीच नव्हतं, पण ती रडू लागली. अगदी मोठ्याने.

मी ओशाळून इकडेतिकडे पाहिलं. कुणी वळूनही बघत नव्हतं. त्या उतारावर पडून रडणं रोजचंच होतं. मी तिच्या शेजारी बर्फात बसून राहिलो.