भूपेंद्रचा एकच सवाल

भूपेंद्र माह्या मोठ्या बहिणीचा एकुलता एक पोरगा. आपलेच दात अन् आपलेच ओठ, म्हून इतके दिवस मी चूप बसली. पण आता आख्ख्या सिंदी मेघेत झालंच आहे माहीत, तर माह्या तोंडून आइका. निदान खरं तरी आइकान.

हा इंग्रजीचा मास्तर. एका खाजगी कॉन्व्हेंटात शिकवते. पगार असा का सांगाले लाज वाटावी, अन् ऐट पाहा तर कलेक्टरची. शर्ट खोचलेला, खिशात लाल पेन. तो पेन काही शाळेपुरता नाई, सगळ्या दुनियेसाठी आहे. माह्या पोरानं किराणा दुकानाच्या पाटीवर हौसेनं दोन शब्द इंग्रजीत लिहिले, तर ह्यानं येऊन पहिले त्याच्यात चूक काढली अन् मंग राम राम केला. त्याच्या सख्ख्या काकाच्या तेरवीले मांडवात फ्लेक्स लागला होता, 'एव्हरीबडी आर' का काय ते, जेवून जा म्हून. लोकं पंगतीत बसले, काकू रडून राह्यली, अन् हा स्टुलावर चढून लाल पेनानं 'आर' खोडून 'इज' करून राह्यला. मले वाटलं पायाखालचा स्टूल ओढावा.

तेच त्याचं लाडकं प्रकरण. एव्हरीबडी, समबडी, नोबडी. म्हणते, "मावशी, एव्हरीबडी म्हणजे सगळे, पण इंग्रजीत त्याले एकटाच धरतात, म्हून 'इज'. मेनी असले, बोथ असले, तर मंग 'आर'." मी म्हटलं, "बाप्पा, सगळं गाव जेवाले आलं तर एकच ताट वाढू का?" तर असा हसला का जशी मीच येडी. म्हणते, इंग्रजी शिकाले डोकं लागते. असन बाप्पा. त्या डोक्याचा लग्न जुळाले काही उपयोग झाला नाई, एवढंच मी पाह्यलं.

पस्तिशी आली तरी पोरगा तसाच. इकडे त्याच्या मायचे, माह्या प्रमिलाताईचे, गुडघे गेले. खाली बसली तर उठवाले माणूस लागते. सकाळी दिवा लावते अन् देवाले एकच मागते, यंदा सून घरी येऊ दे. दिवस कसे आहेत ते तुमाले माहीत आहे. पोराले सरकारी नोकरी नसली तर पोरीचा बाप फोन उचलत नाई. अशात कोणी दारात उभं करते हेच उपकार. अन् आमचा हिरो तथी जाऊन परीक्षा घेते.

त्याचा बाप गेला, मामा नाई, म्हून पोरगी पाहाले जाणं माह्याच नशिबी. पोहे येत, चहा येये, पोरगी येऊन बसे. दुसरे लोकं विचारतात, शिक्षण किती झालं, स्वयंपाक येते का. हा विचारे, "एव्हरीबडी हॅप्पी. मधात काय लागन, इज का आर?" पोरगी म्हणे, "आर." झालं. हा प्लेट खाली ठेवे अन् माह्याकडे पाहे. रस्त्यानं गाडी चालवता चालवता म्हणे, "मावशी, बेसिकच नाई." अशी दहा-बारा घरं झाली असतीन. सगळीकडे आर. मले बी नवल वाटे का एवढ्या शिकल्यासवरल्या पोरी अन् एकीले बी येऊ नये. ताई हात जोडे, बाबू, तो सवाल सोड. तर म्हणे, आई, मी माझी लेव्हल खाली आणणार नाई. लेव्हल म्हणे. घरात नाई दाणा अन् मले बाजीराव म्हणा, दुसरं काय.

मागच्या महिन्यात हिंगणीचं स्थळ आलं. भैय्याजी अन् मंदाबाईची पोरगी, आचल. नर्सिंगचा कोर्स झालेला, वर्ध्याले एका दवाखान्यात ड्युटी करते. निघताना ताई दारापर्यंत भिंत धरून आली अन् मले म्हणे, "कसंही करजो पण जुळवून येजो." मी म्हटलं, "मी जुळवीन वो, तुह्या पोराचं तोंड कोण बंद करन?"

आचल आली ती खाली मान घालून नाई आली. पाणी दिलं, माह्यापाशी खुर्ची ओढून दिली, बापाले म्हणे, तुमची गोळी राह्यली घ्यायची. साधी, नीटस, कामाची पोरगी. मी भूपेंद्रकडे पाह्यलं तर हा पाहातच बसला. पोहे चांगले झाले म्हणे. आजवर कोण्या घरच्या पोह्याले चांगलं म्हटलं नाई ह्यानं. मी मनात म्हटलं, पावला देव. पण खोड जाते का कुठं? घसा साफ करून विचारलंच, "एव्हरीबडी हॅप्पी. इज का आर?"

"आर," आचल लगेच म्हणाली. जशी वाटच पाहून राह्यली होती.

मी पिशवी उचलली. तर हा हसून म्हणते, "चालते. एवढं काय त्याच्यात? शिकन हळूहळू." मी पिशवी परत खाली ठेवली. भैय्याजीनं तिथूनच आवाज दिला, साखर आणा. अन् पोरीचा चेहरा असा उतरला का मलेच कसंतरी झालं.

मंदाबाईनं मले घर दाखवाले आत नेलं. ती साखर घेऊन बाहेर गेली तशी आचलनं माहा हात धरला.

"मावशी, त्यायनं नाई काऊन नाई म्हटलं?"

"म्हणजे?"

"ते 'आर' म्हटलं का नाई म्हणतात ना. सिंदी रेल्वे गावची सरिता माह्यासंगं कोर्सले होती. तुमी तिले पाहाले गेलते. तिनंच सांगतलं, पटत नसन तर 'आर' म्हणजो, लगेच सुटशीन. तिलेबी कोण्या मैत्रिणीनंच सांगतलं होतं. मी नाई म्हटलं तर बाबा महिना महिना बोलत नाई. पोराकडूनच नकार आला तर मले कोणी काही म्हणत नाई."

मी तिथंच पाटावर बसली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ह्याले वाटे आपण पोरी नापास करून राह्यलो. अन् आख्ख्या शेलू तालुक्यातल्या पोरी ह्याच्याच सवालाचं दार करून बाहेर निघून राह्यल्या होत्या. एवढा शिकलेला माणूस, एकदाही मनात आलं नाई का बारा घरी सारखीच चूक कशी होते. मले त्याचा असा राग आला का तिथंच असता तर कानफटात मारली असती.

"मावशी, तुमीच सांगा ना बाहेर. पत्रिका जुळत नाई म्हणा," आचल म्हणे.

माह्या डोळ्यासमोर ताई आली, भिंत धरून उभी. मी नुसती चूप राह्यली असती तर या घरात साखर वाटल्या गेली असती अन् ताईले सून भेटली असती. पोरगी बापापुढे बोलली नसती, हे मले दिसून राह्यलं होतं. पण अशी आणलेली सून घेऊन ताई तरी काय करन?

म्हटलं, "पत्रिका मी पाह्यली नाई, मी खोटं सांगणार नाई. मनात नाई तर तसं सांग. मी तुह्या बाजूनं उभी राहीन, एवढं करीन."

तिनं गॅस बंद केला, हात पुसले अन् बाहेर गेली. मी मागं मागं. भैय्याजीच्या हातात साखरेची वाटी होती.

"बाबा, मले हे लग्न नाई करायचं."

भैय्याजी माह्याकडे पाहे, पोरीकडे पाहे. मी म्हटलं, "भाऊ, पोरगी बरोबर बोलून राह्यली. जबरदस्ती नका करू." तेवढ्यात आमचे मास्तर मधात पडले. आवाज एकदम वर्गातला, समजुतीचा. "एका चुकीसाठी घाबरायचं काम नाई. मी शिकवीन ना."

आचल म्हणाली, "मले येते सर. इज लागते. म्हून तर आर म्हटलं."

भैय्याजीले काही समजलं नाई. मंदाबाईले बी नाई. भूपेंद्रले समजलं. एखादी गोष्ट ह्याले इतक्या लवकर समजली, असं मी पहिल्यांदा पाह्यलं.

येताना हा शेलूच्या पुढं एका टपरीवर थांबला, दोन चहा सांगतले. सरिताचं मी त्याले सांगतलं. चहा पिला नाई, कप नुसता धरून बसला.

"मावशी, सिंदी रेल्वेवालीनं बी मुद्दामच म्हटलं?"

"हो."

"अन् बाकीच्या?"

मी चहाचा घोट घेतला. किती वर्षांपासून मनात होतं, एक दिवस ह्याले असा ऐकवीन का जन्मभर लक्षात राहीन. आज आयतं हाती आलं होतं.

"सगळ्यायनं मुद्दाम नसन म्हटलं," तोच म्हणाला. "एखादीले तरी खरंच येत नसन ना?"

म्हटलं, "असन बाबू. असन एखादी."

त्यानं कप खाली ठेवला अन् माह्याकडे पाह्यलं.

"कोणती?"

आख्खं सिंदी मेघे माह्या जिभेले भेते. मी एक एक घर आठवत बसली, अन् मले एकीचंही नाव घेता आलं नाई.